पोचपावतीवर निघालेली पिकअप

“मी मागून चालवत येते की,” असं माझी बायको ऊर्मिला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचता वाचता तुमच्याही मनात तेच येईल आणि मला पुन्हा एकदा उत्तर द्यावं लागेल. त्या उन्हाळ्यात मी या वाक्याला निदान तीस वेळा, दोन भाषांत उत्तर दिलं, आणि एकदाही समोरच्याचं समाधान झालं नाही.

आमच्याकडे एक वोनमोबिल आहे, म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हर, मागे पलंग, गॅस, मोरी, संडास असं सगळं त्यात आहे. सोळा वर्षांचं जुनं, पण दणकट. आदल्या वर्षी, म्हणजे २००४ साली, आम्ही ते घेऊन ब्लॅक फॉरेस्टमध्ये गेलो होतो. जागा मिळाली, घर व्यवस्थित उभं केलं, कापडी छत ओढलं, खुर्च्या मांडल्या आणि चहाच्या वेळी लक्षात आलं की दूध नाही. दुकान सहा किलोमीटरवर. मग खुर्च्या मिटा, छत गुंडाळा, पाण्याची नळी काढा आणि एक लिटर दूध आणायला अख्खं घर घेऊन जा. वाटेत एका वळणावर कपाट उघडलं आणि मेतकुटाची बरणी आमच्या लेकीच्या, कौमुदीच्या डोक्यावर रिकामी झाली. परत आलो तर आमच्या जागेवर एका डच कुटुंबानं तंबू ठोकला होता.

आमच्या दारात एक पिकअपसुद्धा होती. चार दारांची, चारही चाकांना जोर देणारी, ब्राझीलला बदली झालेल्या एका सहकाऱ्याकडून मी घेतलेली. ऊर्मिला तिला भाजीचा टेम्पो म्हणते. तर ऑफिसातल्या एका अमेरिकन पाहुण्यानं मला एक फोटो दाखवला. पुढे भलंमोठं वोनमोबिल, मागे लोखंडी दांड्यानं जोडलेली पिकअप, तिची चारही चाकं रस्त्यावर, आत कोणी नाही. मुक्कामी पोचलात की पिकअप सोडायची आणि हवं तिथं हिंडायचं. अमेरिकेत म्हणे हे सर्रास चालतं. मी तो फोटो झेरॉक्स करून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यावर ऊर्मिला काय म्हणाली ते पहिल्याच ओळीत आलं आहे.

“प्रश्न तो नाही,” मी म्हणालो.

“मग कोणता आहे?”

प्रश्न कोणता होता ते तिला सांगण्यासारखं नव्हतं, कारण प्रश्न तिचे वडील होते.

माझे सासरे राजाभाऊ, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, साताऱ्याच्या आरटीओत एकतीस वर्षं वाहन निरीक्षक होते. ट्रकच्या नुसत्या आवाजावरून त्याचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. मी जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला त्यांनी विचारलं होतं, “जयंतराव, तुम्ही गाडीतलं नेमकं काय बनवता?” मी खरं ते सांगितलं. इंधनाच्या पंपाला एक झाकण असतं, त्या झाकणाचं डिझाइन मी करतो. अप्पांनी विचारलं, “आणि बाकीची गाडी?” “ती इतर लोक बनवतात.” त्यानंतर बारा वर्षं साताऱ्यात माझी ओळख ‘आमचे जावई जर्मनीत झाकणं करतात’ अशी करून दिली जाते. माझ्यासमोर. प्रेमानं.

ते आणि सासूबाई ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच जर्मनीला येणार होते. एक संपूर्ण वस्तू, पहिल्या रेघेपासून शेवटच्या नटापर्यंत, मी माझ्या हातानं बनवू शकतो हे मला त्या माणसाला दाखवायचं होतं. आता सांगा, यात ऊर्मिलानं मागून चालवत येण्याचा संबंध कुठे येतो?

काम मे महिन्यात सुरू झालं. गॅरेजचं दार उघडून मी पिकअपच्या पुढच्या बंपरखाली आडवा झालो आणि दहा मिनिटांत मला दोन तपकिरी चपला दिसल्या. हेर क्युब्लर. म्हणजे श्रीयुत क्युब्लर, आमचे शेजारी. निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या गल्लीत कोणीही स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की हेर क्युब्लर तिथं असतात. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“तर मग, हेर मोघे,” ते म्हणाले, “तुमच्या पत्नीकडे लायसन्स आहे ना?”

मी पुन्हा बंपरखाली गेलो.

या कामात लक्ष घालणारी दुसरी व्यक्ती यशपाल. तो श्टुटगार्टच्या एका संशोधन संस्थेत धातूंवर काम करतो, माझा अगदी जवळचा मित्र आणि अतिशय शांत स्वभावाचा माणूस. त्याच्या संस्थेत धातूचे तुकडे ताणून तोडायचं एक यंत्र आहे आणि वस्तू तुटताना पाहण्यात त्याला जो आनंद होतो तो इतरांना लग्नसमारंभात होतो. माझ्या पहिल्या दांड्याचा नमुना त्यानं हसत हसत तोडला. दुसऱ्याचाही तोडला. तिसरा तुटेना, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

“जयंत, हा जोड हत्तीसुद्धा ओढेल,” तो म्हणाला. “पण एक विचारू का? वहिनी जर...”

“नाही,” मी म्हणालो.

जुलैपर्यंत जोड तयार झाला. वोनमोबिलच्या मागच्या हुकापासून पिकअपच्या चासीपर्यंत पसरलेला इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा, दोन सुरक्षासाखळ्या, मागच्या दिव्यांची वायर, आणि वर काळा रंग, तीन हात. मी तो वाहन तपासणी केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी वाकून पाहिलं, वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि “झाउबर, झेअर झाउबर” असं दोनदा म्हणाले. जर्मन इंजिनियर एखाद्या कामाला स्वच्छ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे त्याहून मोठा शब्द नसतो. माझी छाती फुगली. मग त्यांनी विचारलं की हे कशासाठी आहे. मी सांगितलं. त्यांनी बोट मागे घेतलं आणि मला जिल्हा कचेरीत जायला सांगितलं.

जिल्हा कचेरीत फ्राउ हेबर्ले नावाच्या बाई होत्या. खिडकीत कॅक्टस, टेबलावर स्टँप टांगायचं छोटं झाड, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. मी फाइल उघडली. आकडेमोड, आकृत्या, यशपालच्या यंत्राचे आलेख. त्यांनी एकही पान पाहिलं नाही.

“जी गाडी ओढायची आहे ती बिघडलेली आहे का?”

“छे! उत्तम स्थितीत आहे,” मी अभिमानानं सांगितलं. “गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग केलंय.”

“मग ओढता येणार नाही.”

“का?”

“बंद पडलेली गाडी ओढली तर ते आब्श्लेपन. ती मदत आहे, त्याला परवानगी लागत नाही. चालू गाडी ओढली तर ते श्लेपन. त्याला विशेष परवानगी लागते आणि ती सहलीसाठी सहसा मिळत नाही.”

“म्हणजे गाडी मोडकी असली तर चालेल, आणि धडधाकट असली तर चालणार नाही?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फ्राउ हेबर्ले म्हणाल्या. हा देशच ज्यावर उभा आहे ते तत्त्व मला शेवटी समजलं, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्यांनी चष्मा काढला. “हेर मोघे, तुमच्या पत्नी...”

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मी अर्ज मागितला. तो आठ पानी होता. ओढण्याचे कारण या रकान्यात मी ‘कौटुंबिक’ असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. निर्णयाला दहा ते बारा आठवडे लागतील, असं त्या म्हणाल्या. तोपर्यंत सासरे साताऱ्याला परत गेलेले असणार होते.

आता मी जे केलं ते फक्त आपलाच माणूस करू शकतो. मी अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवली आणि म्हणालो, “यावर पोच द्या.”

“कशासाठी? अर्ज मला मिळालेला आहे.”

“हो, पण मिळाला म्हणून माझ्या प्रतीवर स्टँप मारा.”

“पण तो मिळालाय हे मला माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे. तरी मारा.”

त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि स्टँप मारला. तारीख, गोल शिक्का, सही. तो कागद हातात आला आणि मला एकदम हलकं वाटलं. तुम्ही हसाल, पण आपल्याकडे पोच म्हणजे निम्मी परवानगी असते. अर्ज केलेला आहे, शिक्का मारलेला आहे, आता नाकारायचं की नाही ही सरकारची डोकेदुखी.

ऑगस्टमध्ये अप्पा आणि सासूबाई आले. सासूबाईंनी तीन किलो सांडगे आणले, अप्पांनी स्वतःचा टॉर्च आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजमध्ये गेले आणि जोडासमोर उकिडवे बसले. मी शेजारी उभा. मला बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा इतकी धडधड झाली नव्हती. त्यांनी टॉर्च मारला, पिन हलवून पाहिली, साखळीला हिसका दिला, एका नटाला अंगठा लावला. वीस मिनिटं.

“हे तुम्ही केलंत?”

“हो.”

“झाकण वगळता?”

“याला झाकणच नाही, अप्पा.”

“हं,” असं म्हणून ते चहाला गेले. मी दिवसभर त्या ‘हं’चा अर्थ लावत बसलो. ऊर्मिलाचं मत होतं की त्यांना टॉर्चचे सेल संपल्याचं लक्षात आलं असावं.

जेवताना मी मोठ्या संकोचानं परवान्याची अडचण सांगितली. मला वाटलं होतं, एकतीस वर्षं कायदा राबवलेला माणूस, आता सहल रद्द करायला सांगणार. अप्पांनी पोच मागितली, टॉर्चखाली धरली आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“पोच आहे ना? मग निघायचं,” ते म्हणाले. “मी अख्खी नोकरी पोच बघून गाड्या सोडल्यात. साताऱ्यात काही ट्रक पोचेवरच म्हातारे झाले.”

“अप्पा, हे सातारा नाही,” ऊर्मिला म्हणाली.

“शिक्का शिक्काच असतो गं,” अप्पा म्हणाले. दहा वर्षांच्या कौमुदीनं जर्मनमधून विचारलं की आई सरळ मागून गाडी घेऊन का येत नाही. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही बोडनझेला, म्हणजे दक्षिणेतल्या त्या मोठ्या सरोवराला निघालो. मी जोडणीची सात मुद्द्यांची यादी टाईप केली होती. अप्पा ती हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून एकेक मुद्दा मोठ्यानं वाचू लागले. पिन. झालं. कुलूप. झालं. साखळ्या. झालं. दिव्यांची वायर. झालं. किल्ली फिरवून स्टिअरिंग मोकळं. झालं. सहावा मुद्दा होता पिकअपमधला छोटा दांडा न्यूट्रलला टाकण्याचा. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला मोठ्या गिअरखेरीज हा दुसरा दांडा असतो, आणि ओढताना तो न्यूट्रलला नसेल तर आतले दाते तेलाशिवाय फिरत राहतात आणि जळतात. नेमके त्याच वेळी हेर क्युब्लर हातात ओलं फडकं घेऊन आले. आमची मागची नंबरप्लेट मळकी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मी तिकडे बघत “झालं” म्हणालो. झालं नव्हतं. सातवा मुद्दा हँडब्रेक. तो झाला होता. हेर क्युब्लरनी प्लेट पुसली, ऊर्मिलाकडे एकदा सहानुभूतीनं पाहिलं आणि आम्ही निघालो.

सुरुवातीच्या दोन तासांइतका सुखी मी आयुष्यात क्वचितच होतो. आरशात माझी पिकअप दिसत होती. वळणावर वळत होती, थांबलं की थांबत होती, कुरकुर नाही. सासूबाई मागे बसून कौमुदीला सांडगे खायला शिकवत होत्या. अप्पा माझ्या शेजारी. एरवी माझ्या गाडीत ते पायानं अदृश्य ब्रेक दाबत असतात, त्या दिवशी पाय स्वस्थ होता. मागून येणारे लोक पुढे जाताना हात हलवत होते. मीही हलवत होतो. एका बाईंनी तर खिडकी खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं. मी त्यांना नमस्कार केला.

“फार कौतुक आहे लोकांना,” मी अप्पांना म्हणालो.

ट्युबिंगनच्या पुढे निळा दिवा दिसला. पोलीस. एक उंच तरुण बाई उतरल्या आणि त्यांनी आम्हाला रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये घेतलं. चार लोकांनी फोन करून कळवलं होतं की एक पिकअप ड्रायव्हरशिवाय चालली आहे आणि तिच्यातून धूर येतो आहे. धुराकडे मी लक्ष दिलं नाही. मी रुबाबात पोच काढली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली.

“हा तर अर्ज आहे.”

“हो. शिक्का पाहा.”

“याचा अर्थ, हे करायला परवानगी लागते हे तुम्हाला माहीत होतं आणि ती तुमच्याकडे नाही. हे तुम्ही स्वतः लेखी दिलंय.”

अप्पांना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू साताऱ्याची कचेरी कोणीतरी पाडली. पोलीसबाईंनी वही काढली.

“एकच प्रश्न. पिकअप बिघडलेली आहे का?”

आता बघा, सुटायचा दरवाजा त्यांनी स्वतः उघडून धरला होता. ‘हो’ म्हणायचं आणि जायचं. पण शेजारी अप्पा उभे होते, आणि तीन महिने मी राबलो होतो.

“नाही,” मी ताठ मानेनं म्हणालो. “अजिबात नाही. गाडी उत्तम स्थितीत आहे.”

“मग सोडा तिला. आणि तुमच्या पत्नी ती मागून चालवत का नाही येत?”

ऊर्मिला हसली नाही. हसली असती तर मला कमी लागलं असतं. ती शांतपणे पिकअपमध्ये जाऊन बसली, मी पिन काढली, तिनं इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि पिकअपच्या पोटातून असा आवाज आला की सासूबाई “अगं बाई” म्हणून बाहेर आल्या. गाडी जागची हलली नाही. पुन्हा गिअर. पुन्हा तोच आवाज, शिवाय जळक्या तेलाचा वास.

“हेर मोघे,” पोलीसबाई म्हणाल्या, “ही बिघडलेली आहे.”

“नाही. ती गरम झाली असेल.”

“तिच्यातून धूर येतोय.”

“तो उन्हाचा आहे.”

“ती चालत नाही.”

“तिनं गिअर नीट टाकला नाही,” मी म्हणालो. हे वाक्य उच्चारल्याचा मला आजही पश्चात्ताप होतो, कारण ऊर्मिला ते विसरलेली नाही. जर्मनीत गाडी बिघडलेली नाही म्हणून पोलिसांशी भांडणारा बहुधा मी पहिलाच असेन. आणि गंमत बघा, बाई मला सोडवू पाहत होत्या. बिघडलेली असली तर माझा गुन्हाच नव्हता! त्यांनी हे मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. मी ऐकायला तयार नव्हतो.

शेवटी अप्पा पिकअपखाली गेले. साताऱ्याहून आलेले, सत्तरीला टेकलेले, इस्त्रीच्या पँटमध्ये. खालून टॉर्चचा प्रकाश इकडेतिकडे फिरला. मग ते बाहेर आले, पोलीसबाईंसमोर उभे राहिले आणि त्यांना येणारा एकमेव जर्मन शब्द उच्चारला.

“कापुट.” म्हणजे मोडलेली.

“गुट, ठीक आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली. जे मिळवायला मी आठ पानं भरली होती ते त्यांनी तीन मिनिटांत दिलं. माझ्याच पोचेच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी लिहिलं, ‘वाहन नादुरुस्त. सर्वांत जवळच्या उघड्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्यास हरकत नाही.’ तारीख, वेळ, सही. दिवे लुकलुकत ठेवायचे, आउटोबानवर, म्हणजे महामार्गावर जायचं नाही आणि पिकअपच्या स्टिअरिंगवर माणूस हवा, या तीन अटी.

मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट काढल्याशिवाय गाडी ओढली असती तर उरलेले दातेही गेले असते. तेव्हा आम्ही दोघं गाडीखाली शिरलो, मी आणि अप्पा. मी बोल्ट सोडत होतो, ते पाना देत होते. “तेरा,” मी म्हणायच्या आत तेराचा पाना हातात येत होता. शाफ्ट काढून मागच्या हौद्यात ठेवला, जोड पुन्हा बसवला. पोलीसबाईंनी खाली वाकून तो पाहिला आणि त्याही “झाउबर” म्हणाल्या. मग स्टिअरिंगवर कोण बसणार असा प्रश्न आला.

“मी,” अप्पा म्हणाले.

पहिलं गॅरेज चार किलोमीटरवर होतं. बंद. शनिवार, दुपारचे दोन. दुसरं होतं आठ किलोमीटरवर, त्याच्या दारावर उन्हाळी सुट्टीची पाटी. तिसऱ्याचा मालक शेजारच्याच अंगणात गुलाबांना पाणी घालत होता. त्यानं पाईप खाली न ठेवता सांगितलं की आज शनिवार आहे. मी गाडी थांबवून मागे गेलो.

“अप्पा, सगळं बंद आहे. काय करायचं?”

अप्पांनी काच खाली केली, कागद मागितला आणि मला पुन्हा अर्थ विचारला.

“जवळचं गॅरेज असं लिहिलंय की जवळचं उघडं गॅरेज?”

“उघडं.”

“मग उघडं सापडेपर्यंत कायद्यानं पुढं जायला हवं,” अप्पा म्हणाले. एकतीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांत चमकली. “शोधायचं कुठल्या दिशेला, ते लिहिलंय?”

“नाही.”

“तळं कुठं आहे?”

“दक्षिणेला.”

“दक्षिणेला शोधू.”

आम्ही दक्षिणेला शोधलं. फार प्रामाणिकपणे शोधलं. प्रत्येक गावात थांबलो, प्रत्येक बंद दारासमोर ऊर्मिलानं फोटो काढला, पुरावा म्हणून. एकूण नऊ गॅरेजं. आरशात मला अप्पा दिसत होते, माझ्या पिकअपमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद असलेल्या गाडीत ताठ बसलेले. चढावर, उतारावर, वळणावर माझ्या त्या दांड्यावर त्यांचा जीव होता आणि त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. संध्याकाळी सहा वाजता आम्ही सरोवराच्या काठी, ठरलेल्या मुक्कामाच्या फाटकात शिरलो. तिथल्या माणसानं सांगितलं की गावातलं गॅरेज सोमवारी उघडेल, तोपर्यंत गाडी इथंच ठेवा.

चहा झाला. ऊर्मिला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “आता मला एक सांगा. तो छोटा दांडा कोण विसरलं?”

मी तोंड उघडलं.

“मी,” अप्पा म्हणाले. “यादी मी वाचत होतो. सहावा मुद्दा माझ्याकडून सुटला.”

सासूबाईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारात अप्पांची चूक झाल्याची ही पहिलीच नोंद असावी. ऊर्मिला कौमुदीला घेऊन पाण्याकडे गेली, सासूबाईही मागोमाग गेल्या.

आम्ही दोघं छताखाली उरलो. मला शरम वाटत होती.

“अप्पा, सहावा मुद्दा तुम्ही वाचला होता. चुकलो मी.”

“माहीत आहे.”

“म्हणजे?”

“तुम्ही ‘झालं’ म्हणालात तेव्हा तुम्ही गाडीच्या बाहेर उभे होतात, जयंतराव. दांडा आत असतो. मी बघत होतो की तुमच्याकडे.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बारा वर्षं प्रत्येक गोष्टीत बोलतोच आहे. तो तुमचा जोड बघितला, असलं काम मी उभ्या नोकरीत बघितलं नाही. रात्री तुमच्या सासूबाईंना तसं बोललोही. म्हटलं, ज्या माणसाला हे जमतं त्याला मी दांडा काय सांगणार. त्यानं काहीतरी विचार केला असेल. म्हटलं, एक दिवस तोंड बंद ठेवावं आणि विश्वास टाकावा.”

गेली बारा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो आणि ते आलं तेव्हा त्यानं माझी अख्खी पिकअप जाळली होती. डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं गाडीसाठी होतं, पण बरंचसं नव्हतं.

“अप्पा,” मी म्हणालो, “यापुढे बोलत जा.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

अप्पांनी सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की तो त्यांनी सकाळपासून धरून ठेवला असावा. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि टॉर्च काढला.

“मग हे छत आधी बघा. डावा खांब तिरका आहे. गॅसच्या टाकीची नळी उन्हात आहे. पुढच्या उजव्या चाकात हवा कमी आहे, हे तर मी घरीच बघितलं होतं. आणि वळणावर तुम्ही इंडिकेटर फार उशिरा देता.”

मी उठलो आणि खांब सरळ केला. पाण्यावरून परतलेल्या ऊर्मिलानं आतून जेवायला हाक मारेपर्यंत अप्पांचं संपलं नव्हतं, आणि मी मध्ये एकदाही त्यांना अडवलं नाही.